आलेखाखालची पाच वाक्यं

(प्रस्तावना)

उपयोजित गणितात पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींनी आपापसांत चालवलेल्या चर्चासत्रातली निवडक व्याख्यानं या पुस्तकात एकत्र आली आहेत. बोलणारे विद्यार्थी, ऐकणारेही विद्यार्थी आणि खोलीत प्राध्यापकांना मज्जाव, असा या मालिकेचा पहिल्यापासूनचा नियम. मी प्राध्यापक. त्यामुळे यातलं एकही व्याख्यान मी प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. नंतर लिहून काढलेली टिपणं तेवढी वाचली. तरी प्रस्तावना माझ्याकडेच मागितली गेली. ज्याला पंगतीला बसवायचं नाही त्यालाच दारात उभं करून पाहुण्यांवर अत्तर शिंपडायला लावावं, तसा हा प्रकार आहे.

मज्जावाबद्दल माझी तक्रार नाही. उलट या साऱ्या उपक्रमातला तोच सर्वांत शहाणपणाचा भाग आहे असं मला वाटतं. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल. मुंबईच्या प्लेगपासून.

प्लेग म्हटलं की मराठी वाचकाला १८९६ साली मांडवीत पहिला रुग्ण ओळखणारे डॉ. व्हिएगस आठवतात, पुण्यातला रँड आणि चापेकर बंधू आठवतात, रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. उपयोजित गणिताच्या विद्यार्थ्याला मात्र, मग तो जगात कुठेही शिकत असो, मुंबईचा प्लेग माहीत असतो तो एका आलेखामुळे. १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांचा साथींच्या गणितावरचा निबंध छापून आला. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं होतं. प्रकृती बिघडली तेव्हा ते एडिंबराला परतले. केरमॅक मुळात रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. म्हणजे ज्या आलेखाबद्दल मी बोलतो आहे तो त्याच्या दोन कर्त्यांपैकी एकाने कधी डोळ्यांनी पाहिलाच नाही.

निबंधातली मांडणी आज बारावीच्या मुलालाही समजावता येते. लोकांचे तीन गट करायचे: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे झाले किंवा दगावले ते. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसं किती वेगाने सरकतात हे लिहिलं की तीन अवकल समीकरणं हाती येतात. करोनाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत जे चढते-उतरते वक्र रोज दिसत होते, त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी याच मांडणीची कुठली ना कुठली आवृत्ती होती.

आता तो आलेख. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसं मेली त्याचे ठिपके, आणि त्यांच्यावरून गेलेला, समीकरणातून निघालेला एक वक्र. वक्र हळूहळू वर चढतो, सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, ८९० मृत्यूंचं शिखर गाठतो आणि ज्या चालीने चढला त्याच चालीने उतरतो. त्याच्याखालचं सगळं क्षेत्रफळ काढलं तर सुमारे ८,९०० मृत्यू भरतात. ठिपके आणि वक्र असे जुळलेले की पाहणाऱ्याने मान डोलवावी. पाठ्यपुस्तकांमागून पाठ्यपुस्तकांनी हा आलेख उचलला. मीही तो फळ्यावर काढून शिकवत आलो आहे.

मूळ निबंधात या आलेखाच्या खालीच बारीक अक्षरांत एक मजकूर आहे. तो मात्र आलेखाबरोबर फारसा कोणी उचलला नाही. त्यात दोघा लेखकांनी स्वतःच कबुली दिली आहे की माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचा पडसाद आहे असं आम्ही धरून चाललो आहोत. आणि मग उंदरांबद्दलची पाच गृहीतकं मांडली आहेत. न लागण झालेले सगळे उंदीर सारखेच रोगप्रवण आहेत. बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची शक्यता सारखी आहे. आजारपण चालू असेपर्यंत संसर्गाचा, बरं होण्याचा आणि मृत्यूचा दर बदलत नाही. लागण झालेला उंदीर एकतर मरतो नाहीतर कायमचा सुरक्षित होतो. आणि पिसवा इतक्या आहेत की रोग जणू स्पर्शानेच पसरतो असं मानता येतं. एवढं सांगून लेखक म्हणतात की यातलं एकही गृहीतक काटेकोरपणे खरं नाही, समीकरण फार ढोबळ आहे, आणि त्यातून स्थिरांकांच्या किमती कोणी काढू नयेत.

पुस्तकांनी वक्र घेतला आणि उंदीर वगळले. स्थिरांकांच्या किमतीही काढल्या गेल्या. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने हे प्रकरण पुन्हा उघडलं. त्या वक्राचा सरळ अर्थ लावला तर वास्तवाशी न जुळणाऱ्या किमती निघतात, हे त्याने दाखवलं. शिवाय मुंबईत प्लेग एकदा येऊन गेला असं नव्हतं. तो वर्षामागून वर्ष, साधारण त्याच मोसमात, येत होता. तीन गटांच्या साध्या मांडणीत साथ उतरते ती रोगप्रवण माणसं कमी पडतात म्हणून. खऱ्या मुंबईत ती उतरण्यामागे ऋतूही होता. उंदीर, पिसवा आणि हवामान आत घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. त्या काळच्या गिरगावातल्या एखाद्या आजीला कोणी विचारलं असतं तर तिनेही हे सांगितलं असतं, पण आजीचा निबंध रॉयल सोसायटी छापत नव्हती.

मॅकेंड्रिकवर अन्याय नको म्हणून त्याचंच दुसरं उदाहरण देतो. या पुस्तकातल्या एका टिपणात ते सविस्तर आलं आहे, आणि माझ्या मते या संग्रहातलं ते सर्वांत देखणं टिपण आहे. १९२६ साली त्याने हिंदुस्थानातल्या एका खेड्यातल्या पटकीच्या साथीचे आकडे तपासले. एकूण २२३ घरं. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. एकूण ८६ रुग्ण. रोग सगळ्या घरांवर सारख्याच यदृच्छेने कोसळला असता तर किती घरांत किती रुग्ण निघाले असते, याचा हिशेब प्वासाँच्या सूत्राने मांडता येतो. मांडून पाहा: एकच रुग्ण असलेली घरं ५८ च्या आसपास निघायला हवीत. प्रत्यक्षात ती ३२ आहेत, आणि दोन-तीन रुग्णांची घरं अपेक्षेपेक्षा जास्त. म्हणजे सगळी घरं सारखी नाहीत.

इथे मॅकेंड्रिकने प्रश्न उलटा केला. रुग्ण नसलेली १६८ घरं एका जातीची नाहीत असं धरू: काही घरांपर्यंत रोग पोचलाच नाही, आणि काहींपर्यंत पोचूनही ती योगायोगाने वाचली. रुग्ण असलेल्या घरांच्या आकड्यांवरूनच त्याने काढलं की रोगाच्या वाटेवर सुमारे ९३ घरं असली पाहिजेत, आणि त्यांतली सुमारे ३७ नुसत्या नशिबाने सुटली. बाकीच्या १३० घरांचा या साथीशी संबंधच नव्हता. यावरून त्याने अंदाज बांधला की गावात एकाहून अधिक विहिरी असाव्यात, आणि या ९३ घरांचं पाणी एकाच दूषित विहिरीवरचं असावं. पुढे गावात चौकशी झाली, आणि तसंच निघालं.

तोच माणूस, तीच शाई, वर्षभराच्या अंतराने छापलेली दोन कामं. एकात गृहीतक बदललं म्हणून विहीर सापडली. दुसऱ्यात गृहीतकं वाचायची राहिली म्हणून उंदीर हरवले. उपयोजित गणितातलं खरं कसब या दोन गोष्टींच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ते समीकरण सोडवण्यात फारसं नाही. समीकरण सोडवायला आता संगणक आहे. सिद्धता एकट्याने, खोलीचं दार लावून तपासता येते. पण आपण काय धरून चाललो आहोत हे एकट्याला दिसत नाही. जे धरलं आहे त्यावरच आपण उभे असतो. त्यासाठी समोर कोणीतरी लागतो, जो हात वर करून विचारेल: ‘हा स्थिरांक स्थिर का?’

हा प्रश्न विचारायला फार हुशारी लागत नाही. लागतो तो निर्लज्जपणा, आणि तो गाईडसमोर येत नाही.

पीएच.डी. करणाऱ्यांना सेमिनार नवा नाही. कोर्सवर्कचा सेमिनार असतो, दरवर्षी प्रगती दाखवायचा असतो, प्रबंध देण्याआधीचा प्री-सिनॉप्सिस असतो. या साऱ्यांत समोर समिती असते, आणि बोलणारा आपल्या कामातल्या फटी झाकण्याच्या बेतात असतो. ते स्वाभाविक आहे. फेलोशिपची मुदतवाढ त्यावर अवलंबून असते. ऐकणारे मित्रही गप्प बसतात, कारण सरांसमोर मित्राला अडचणीत आणणारा प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. शेवटी अध्यक्ष ‘काही शंका?’ म्हणतात, सगळे बुटांकडे बघतात, टाळ्या होतात. आपल्याकडच्या कॉलेजांमधल्या राष्ट्रीय चर्चासत्रांबद्दल तर बोलायलाच नको. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय, परिचयाला उत्तर आणि आभार यांतून वेळ उरलाच तर गणित. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना.

गणिताच्या इतिहासात ज्या चर्चासत्रांची नावं राहिली त्यांत असं काही नव्हतं. १८३४ साली क्योनिग्सबर्गला कार्ल याकोबी आणि फ्रान्झ नॉयमान यांनी गणित-भौतिकीचं जे सत्र सुरू केलं, त्यात विद्यार्थ्यांना ऐकून चालत नसे, काहीतरी करून आणावं लागे. १८४५ मध्ये गुस्ताव किर्खहॉफ नावाच्या विद्यार्थ्याने नॉयमानच्या या सत्रात असताना विद्युतमंडलांचे नियम मांडले. बारावीच्या पुस्तकातले किर्खहॉफचे नियम हा एका विद्यार्थ्याचा सत्रातला गृहपाठ आहे, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. सांगायला हवं.

फेलिक्स क्लाइनने आणखी एक चांगली गोष्ट केली. १८७२ ते १९१२ अशी चाळीस वर्षं त्याच्या सत्रांत जी व्याख्यानं झाली, त्यांचा गोषवारा ज्याने व्याख्यान दिलं त्यानेच एका वहीत उतरवायचा, अशी पद्धत त्याने ठेवली. त्या वह्यांचे २९ खंड गटिंगेनला जपलेले आहेत. याच क्लाइनच्या खटपटीमुळे १९०४ मध्ये कार्ल रुंगे उपयोजित गणिताचा प्राध्यापक म्हणून गटिंगेनला आला आणि लुडविग प्रांटलही त्याच वर्षी आला. विमानाच्या पंखाभोवतीच्या हवेचं आधुनिक गणित त्या शहरात वाढलं. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू प्राध्यापकांना हाकललं, रिचर्ड कूरांट न्यूयॉर्कला गेला आणि गटिंगेनची परंपरा त्याच्याबरोबर अटलांटिकपार गेली. या पुस्तकातली टिपणंही बोलणाऱ्यानेच लिहायची असा नियम विद्यार्थ्यांनी केला, तेव्हा त्यांना क्लाइनच्या वह्या ठाऊक नव्हत्या. गरज सारखी असली की उपायही सारखे निघतात.

मॉस्कोत इझरेल गेल्फंड यांचं सत्र १९४३ पासून चार दशकांहून अधिक काळ चाललं. सोमवारी संध्याकाळी ते भरे आणि संपायची वेळ ठरलेली नसे. गेल्फंड वक्त्याला मध्येच तोडत, फळ्यावरून खाली बसवत, दुसऱ्याला उभं करत. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. श्रोत्यांतल्या एका साधारण विद्यार्थ्याला ते ‘तपासनीस श्रोता’ नेमत. त्याला समजलं का, एवढाच प्रश्न. नाही समजलं तर व्याख्यान पुढे सरकत नसे. अपमान सहन करायची तयारी असलेल्यांसाठी ते सत्र म्हणजे पर्वणी होती, इतरांसाठी शिक्षा. आमच्या विद्यार्थ्यांनी युक्ती घेतली, अपमान घेतला नाही: दर वेळी एक जण चिठ्ठी काढून निवडला जातो, आणि पहिली पंधरा मिनिटं त्याला समजली नाहीत तर वक्त्याने सुरुवातीपासून सांगायचं. बीजगणितातला एखादा विद्यार्थी तिथे सापडला तर फारच उत्तम, कारण त्याला द्रवाची श्यानता म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं.

उपयोजित गणितापुरतं बोलायचं तर सर्वांत उपयोगी परंपरा ऑक्सफर्डची. १९६८ मध्ये ॲलन टेलर आणि लेस्ली फॉक्स यांनी तिथे उद्योगांबरोबरचे अभ्यासगट सुरू केले. कारखान्यांची माणसं आठवड्याच्या सुरुवातीला आपली अडचण फळ्यापुढे येऊन सांगतात, गणितज्ञ आणि पीएच.डी.चे विद्यार्थी आठवडाभर तिच्याशी झोंबतात, शेवटच्या दिवशी काय हाती लागलं ते मांडतात. पुष्कळदा हाती लागतं ते एवढंच की कारखान्याने विचारलेला प्रश्न चुकीचा होता. ही पद्धत आता अनेक देशांत रुजली आहे.

आपल्याकडे उपयोजित गणिताची वाट मोठी आहे, तिचा सगळा आढावा इथे घेत नाही. १९५६ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रभुलाल भटनागर यांनी उपयोजित गणिताचा विभाग उभा केला. वायूंच्या गतीचं त्यांच्या नावाचं समीकरण त्याआधी दोनच वर्षं, १९५४ मध्ये, ग्रॉस आणि क्रूक यांच्याबरोबर प्रसिद्ध झालं होतं. ते समीकरणही गृहीतकाचीच करामत आहे: रेणूंच्या टकरींचं भयंकर गुंतागुंतीचं पद काढून त्याजागी ‘सगळं हळूहळू समतोलाकडे जातं’ एवढं एकच साधं पद ठेवलं, आणि आज त्यावर संगणकी द्रवगतिकीची एक सबंध शाखा चालते.

पुण्यातलं एक नाव मात्र वगळता येणार नाही, विशेषतः मराठी वाचकापुढे, कारण त्याला ते भलत्याच संदर्भात ठाऊक असतं. दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार कोसंबी सगळ्यांना माहीत. पण १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना, त्यांनी गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर मोजायचं एक सूत्र दिलं. त्याआधी हाल्डेन यांचं सूत्र होतं. हाल्डेननी धरलं होतं की गुणसूत्रांची अदलाबदल एका ठिकाणी झाली याचा शेजारच्या ठिकाणावर काही परिणाम होत नाही. कोसंबींनी धरलं की होतो: एक अदलाबदल जवळच दुसरी होऊ देत नाही, आणि अंतर वाढतं तसा हा अडथळा ओसरतो. एवढा एक बदल, आणि सूत्र बदललं. आजही जनुकांचे नकाशे काढणाऱ्या संगणक-प्रणालीत वापरणाऱ्याला विचारलं जातं: हाल्डेन की कोसंबी? या संग्रहात हे सूत्र अगदी सुरुवातीपासून बांधून दाखवणारं टिपण आहे. कोसंबींच्या इतिहासलेखनावर प्रेम करणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. गणित बारावीपलीकडचं लागत नाही.

संग्रहातली बाकीची टिपणं सारखी नाहीत, आणि ती सारखी करायचा प्रयत्न संपादकांनी केला नाही हे बरं झालं. काही टिपणं अजून प्रबंधाच्या भाषेत अडकलेली आहेत. संख्यात्मक पद्धतींवरची दोन माझ्या डोक्यावरून गेली. ती त्या विषयातल्या लोकांसाठी आहेत. टॅकोमा नॅरोज पुलावरचं टिपण छोटं पण झणझणीत आहे. ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्याने पिळवटून कोसळलेला हा पूल भौतिकीच्या पुस्तकांत अनुनादाचं उदाहरण म्हणून वर्षानुवर्षं छापला गेला. १९९१ मध्ये बिल्ला आणि स्कॅनलन यांनी दाखवलं की ती कारणमीमांसा चुकीची आहे: वारा ठरावीक तालात पुलाला झोके देत नव्हता, पुलाची हालचालच वाऱ्याकडून शक्ती ओढून घेत होती. टिपण लिहिणाऱ्या मुलीने आपण स्वतः शाळेत काय शिकलो, तेही शेवटी नोंदवलं आहे.

ज्या टिपणावर सत्रात सर्वांत जास्त वाद झाला असं मला सांगण्यात आलं, ते पूर आणि वाहतूक यांवरचं आहे. १९५५ मध्ये जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम यांनी जोडीचे दोन निबंध लिहिले: पहिला लांब नद्यांतल्या पुरावर, दुसरा गर्दीच्या लांब रस्त्यांवरच्या वाहतुकीवर. दोन्हींत समीकरण एकच. आत किती आलं आणि बाहेर किती गेलं याचा जमाखर्च, आणि वर एक गृहीतक, की एखाद्या जागचा प्रवाह त्या जागच्या दाटीवरूनच ठरतो. नदीत पाणी जितकं खोल तितका प्रवाह मोठा. म्हणून पुराचा उंचवटा पुढे सरकतो, आणि तोही पाण्याच्या वेगाच्या साधारण दीडपट वेगाने. रस्त्यावर उलटं होतं. गाड्या दाटल्या की प्रवाह मंदावतो, म्हणून कोंडीची लाट मागे सरकते. खंडाळ्याच्या घाटात तासभर अडकून आपण पुढे निघतो, तर ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक. मग अडलो कशाने? तिथून कधीचीच मागे सरकून गेलेल्या एका लाटेने. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर घेराच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या, चालकांना एकसारखा वेग ठेवायला सांगितलं. वाटेत काहीही नसताना थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि मागे मागे सरकू लागली.

हे सगळं वक्त्याने सांगितलं, आणि मग कृष्णाकाठच्या एका विद्यार्थ्याने हात वर केला. कोयनेतून पाणी सोडलं की सांगलीत आयर्विन पुलाशी पातळी कधी चढेल, हे या समीकरणाने सांगता येईल का? वक्ता ‘हो’ म्हणाला. विचारणारा म्हणाला, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. पंचगंगेला पूर असला की खालचं पाणी फुगतं आणि वरचं तुंबतं. म्हणजे सांगलीत पाणी खोल असेल, पण वाहत नसेल. मग प्रवाह नुसत्या खोलीवरून कसा ठरेल?

ठरत नाही. या समीकरणात लाट एकाच दिशेला जाऊ शकते. खालच्या पाण्याची खबर वर पोचवायची सोयच त्यात नाही. त्यासाठी पाण्याच्या दाबाचं पद परत आणावं लागतं आणि गणित कितीतरी अवघड होतं. टिपणाचा उत्तरार्ध या एका प्रश्नातून निघाला आहे. विचारणारा विद्यार्थी द्रवगतिकीतला नव्हता. पुरात घरातलं सामान माळ्यावर चढवायचा अनुभव मात्र त्याला होता. आणि खोलीत त्या विषयातला एखादा प्राध्यापक बसलेला असता, तर हा प्रश्न एकतर विचारलाच गेला नसता, नाहीतर प्राध्यापकानेच दोन मिनिटांत उत्तर देऊन टाकलं असतं. वक्त्याला ते शोधण्यात पुढचा महिना घालवावा लागला नसता.

अशी सत्रं चालवणं सोपं नाही, हेही सांगायला हवं. मे महिन्यात कोणी नसतं. परीक्षांच्या काळात पर्यवेक्षणाच्या ड्यूट्या लागतात. उत्साहाने सुरू करणारी मुलं प्रबंध देऊन निघून जातात, आणि पुढच्यांना सूत्रं हाती घ्यायची इच्छा असतेच असं नाही. पैशांची मात्र फारशी गरज पडत नाही. एक खोली, फळा, खडू आणि चहा. प्रोजेक्टर ही मुलं वापरू देत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की स्लाइडवर गृहीतक एका ओळीत येतं आणि निघून जातं, फळ्यावर ते तासभर समोर राहतं. मला हे पटतं. भाषेची सक्ती नाही. फळ्यावर इंग्रजी, प्रश्न मराठीत, हिंदीत, कधी कानडीत. ही टिपणं मराठीत लिहायचा आग्रह संपादकांचा, आणि परिभाषेसाठी त्यांनी घेतलेले कष्ट पानोपानी दिसतात. जिथे रुळलेला मराठी शब्द सापडला नाही तिथे त्यांनी सरळ वापरातला शब्द देवनागरीत ठेवला आहे.

इतर विद्यापीठांतल्या, लहान गावांतल्या कॉलेजांमधल्या एम.एस्सी.च्या आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: हे तुमच्याकडेही सुरू करा. विभागप्रमुखांकडे खोलीची किल्ली मागा, परवानगीचा अर्ज द्यावा लागला तर द्या, उद्घाटन करू नका. चार जण जमले तरी पुरे. आणि प्राध्यापकांना विनंती अशी, की किल्ली द्या आणि घरी जा.

वाचकांसाठी एकच सूचना. प्रत्येक टिपणाच्या सुरुवातीला चौकटीत त्यातली गृहीतकं दिली आहेत. ती आधी वाचा, पेन्सिल घेऊन बसा, आणि त्यांतलं निदान एक खोटं धरून गणित पुन्हा करून पाहा. उत्तर बदललं तर संपादकांना लिहून कळवा. पुढच्या आवृत्तीत अशा दुरुस्त्या पाठवणाऱ्याच्या नावानिशी छापायचं त्यांनी ठरवलं आहे.